राखेखालचा विस्तव

मरोद्याच्या क्वार्टरमधी मी आन बाबा राहतो. बाबा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर झाले. मी दिवसा मोबाइल रिपेअर करतो, संध्याकाळी नेटवर इंग्लिश शिकून राहिलो. एकेक शब्द, त्याचं मूळ.

घरात आईची कोळशाची सिगडी होती. गॅस असूनही भाकर तिच्यावरच. दिवे लागले का आई निखाऱ्यायवर राख पसरवे, वरून चार बोटं ओढे. विझवे नाई, झाके. सकाळी फुंकलं का विस्तव जागा. तिची करंगळी वाकडी होती, म्हून चौथी रेघ बाहेर वळे.

आई गेल्यावर बाबा झाकत. मंग त्यायचा दम वाढला. डॉक्टर म्हने, धूर बंद. मी सिगडीत बादलीभर पानी टाकलं, राख नालीत फेकली.

"कावून विझवली?" बाबा एवढंच बोलले.

मागच्या सोमवारी 'कर्फ्यू' शब्द निघाला. मी बाबाले वाचून दाखवलं. जुन्या फ्रेंचमधून इंग्लिशमधी गेला. मूळ अर्थ, विस्तव झाका. संध्याकाळी घंटा वाजे, लोक चुली झाकत, झोपेत गाव जळू नये म्हून. पुढं अर्थातून विस्तव निघून गेला, निस्ती बंदी राहिली.

"घंटा कोन वाजवे?"

"ते नाई लिहिलं, बाबा."

मंगळवारी संध्याकाळी सहा चाळीसले बाबा म्हनाले, "वाजली."

मी म्हनलं, प्लांटचा भोंगा असन.

"छत्तीस वर्स भोंगा आयकला. मले शिकवतं का?"

बुधवारी मलेही आयकू आली. बारीक, सावकाश. गल्लीत पोट्टे क्रिकेट खेळून राहिले होते. एकानंही मान वळवली नाई.

काल बाबाचा दम जास्तच लागला. दवाखान्यात चाला म्हनलं तर नाई म्हनाले. डॉक्टर घरी येऊन गेला. सकाळपर्यंत निभलं तर निभलं, म्हने.

संध्याकाळी मी बाहेरून कुलूप लावून गोळ्या आनाले गेलो. वाटेत घंटा वाजली.

पळत आलो. कुलूप तसंच.

बाबा खाटेवर, शांत. दम नाई, घरघर नाई. बनियनवर राखेचा पातळ, सारखा थर.

वर चार रेघा.

चौथी बाहेर वळलेली.

मी तसाच बाजूले बसून राहिलो. आता उजाडलं. बाबाची छाती हालून नाई राहिली.

राखेवर हात ठेवला. अजून गरम हाय.

फुंकाले भेव वाटून राहिलं.