तोरिबियोच्या मेजावर पाणी नव्हतं

दोष म्हाताऱ्याचा होता. फाउस्तिनोचा. मीही म्हातारा आहे म्हणून त्याला पाठीशी घालेन असं समजू नका, पोरांनो.

त्याचा नातू रुफिनो माझ्याबरोबर वीटभट्टीवर होता. त्यानं सांगितलं तेच सांगतो. दोन हजार तेवीस, एक नोव्हेंबर, बुधवारची रात्र. मेलेले घरी येतात ती रात्र. घरोघर त्यांच्यासाठी मेजं मांडलेली.

रुफिनो कॅन घेऊन ताराता गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नळावर गेला. घरची विहीर आटली होती. बायकोचं, एल्बाचं, दूधही आटलं होतं. पोरगी तान्ही. डब्याचं दूध झालं, भुकटी झाली, डॉक्टर झाला. अंगात पाणी टिकत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाला. पोरीचे ओठ उलले होते.

नळावर सेनोबियाबाई भेटली. "काय रे, आज लोक दारू वाहून नेतात आणि तू पाणी? पाद्री झालास की काय?"

"मेजावर ठेवायचंय, मावशी."

बाईचं हसू गेलं. "तुझा थेरडा ठेवू देईल?"

गावाला सगळं ठाऊक होतं. फाउस्तिनो आईच्या पोटात असताना त्याचा बाप तोरिबियो चाकोच्या रखरखीत रानातल्या लढाईवर गेला, त्याला नव्वद वर्षं झाली. तिथल्या पिवळ्या धुळीत माणसं गोळीइतकीच तहानेनं मेली. घरी आली ती त्याची पत्रं आणि पाण्याची चेपलेली बाटली. पत्रापत्रात एकच रड... विहिरीला पाणी आहे ना? माझं भांडं भरून ठेवा. म्हातारा ती पत्रं पाहुण्यांना वाचून दाखवायचा आणि डोळे पुसायचा. मेजावर पावाच्या बाहुल्या, ऊस, बापाची बाटली. बाटली कोरडी. पाण्याचा पेला नाहीच.

का? मेलेला येतो, पोटभर पितो, वाटेसाठी कांद्याच्या पोकळ दांड्यात पाणी भरून घेतो आणि दुसऱ्या दुपारी जातो. तीन वर्षं मेज मांडायचं, मग निरोप द्यायचा. फाउस्तिनोची आई होती तोवर नवरा जिवंत आहे म्हणायची, मेज मांडूच देत नव्हती. ती गेल्यावर यानं मांडलं, ते थांबवलंच नाही. पाणी प्याला तर जाईल ना! कधी न पाहिलेला बाप हवा होता त्याला. म्हणून तहानलेला ठेवून घरात कोंडला. आणि ती तहान घराला लागली. आधी विहिरीला, मग एल्बाला, मग पोरीला.

रुफिनो कॅन उचलून परत फिरला. मागून कुणीतरी पाय ओढत येत होतं. हा थांबला की ते थांबायचं. कोरडी जीभ टाळूला लागून सुटल्याचा आवाज... पुन्हा तोच... रुफिनोनं मागं पाहिलं नाही.

दारात म्हातारा उभा.

"ते पाणी कुणाला?"

"तुमच्या बापाला. जाऊ द्या त्याला, आजोबा. पोरगी मरतेय माझी."

"पोरी पुन्हा होतात. बाप पुन्हा होत नाही."

"तुम्हाला लाज आहे का हो?"

"माझं घर आहे. एक थेंब ठेवायचा नाही."

रुफिनोनं त्याला ढकललं. पेला भरला. मेजावर ठेवला.

मेणबत्त्या वाकल्या. वारा नव्हता.

पाणी हललं. एक घोट कमी झाला. दोघांच्या डोळ्यांदेखत. आत पोरगी रडायला लागली... चांगली, भरल्या गळ्यानं. किती दिवसांनी.

"प्या," रुफिनो म्हणाला. "प्या, पणजोबा."

आणखी एक घोट.

"बाबा... जाऊ नका..." म्हातारा कुजबुजला.

आणखी...

म्हाताऱ्यानं हात मारला.

पेला फुटला. जमिनीनं पाणी शोषून घेतलं.



मग आतलं रडणं थांबलं...

एल्बानं हाक मारली नाही. रुफिनो आत गेला नाही. गेला असता तर बघावं लागलं असतं.

सकाळी पोरीच्या ओठांवर पिवळी, पिठासारखी धूळ होती. एल्बानं शालीच्या टोकानं पुसली. पुन्हा होती. आमच्या खोऱ्याची माती लाल आहे. तसली धूळ इथं कुणी पाहिलेली नाही.

म्हातारा जिवंत आहे. रुफिनोला मुलगी एकच होती.