कापलेले छत्तीस सेकंद

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण या गोष्टीला बावीस साक्षीदार आहेत. भर दुपारी, कॉलेजच्या चौदा नंबरच्या वर्गात घडलंय हे.

मी वक्तृत्वशास्त्र शिकवतो. माझं पोट जिभेवर चालतं, असं बायको चिडवते. मोठमोठी भाषणं मी शिकवत नाही. साध्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो आणि वर्गात लावतो. मुलं ऐकत ऐकत लिहून घेतात. बोलणारा थांबला, की दर सेकंदाला एक उभी रेघ. मग चर्चा... इथे तो का थांबला?

त्या दिवशी वॉचमनकाकांच्या रेकॉर्डिंगची पाळी होती. शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली, सात बायका आतच जळून मेल्या, त्या दिवशी दारावर ड्युटी त्यांचीच होती.

"कामावरून कुणी उठू नये म्हणून मालक बाहेरून कडी लावायला सांगायचा," काका सांगतात. "त्या दिवशीपण मीच लावली."

मग छत्तीस सेकंद शांतता.

"मग मी जेवायला गेलो."

रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी माझा हात धरला होता. "सर, यातलं काही कापू नका. मी गप्प असतो ना, तेवढ्यात त्या बोलतात."

मी शब्द दिला.

आणि तास चाळीस मिनिटांचाच असतो, म्हणून ती शांतता कापली. थांबण्याचं महत्त्व शिकवणारा मी, मीच कापली.

वर्गात रेकॉर्डिंग लावलं.

"त्या दिवशीपण मीच लावली..."

आवाज थांबला.

चुकीची फाइल लागली वाटतं, म्हणून स्क्रीनवर पाहिलं. फाइल कापलेलीच होती.

पंख्याचाही आवाज येईना...

बावीस पेन्सिली मात्र भराभर चालत होत्या.

"मग मी जेवायला गेलो." पंखा पुन्हा ऐकू आला.

मी कागद गोळा केले. त्या जागी एकही रेघ नव्हती. सगळ्यांनी वाक्यं लिहिली होती. तीच, त्याच क्रमाने.

'काका, कडी काढा हो.'

'आम्ही आत आहोत.'

'तू लहान आहेस, तू खिडकीशी हो.'



पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, शेवटची बाई फार हळू बोलली. परत लावता का?"

मी तर काहीच ऐकलं नव्हतं.

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं. म्हटलं, कापलेलं परत जोडू...

त्यातही शांतता उरली नव्हती. कडी लावली आणि जेवायला गेलो, सगळं एका दमात.

माफी मागायला काकांना फोन केला. मुलीने उचलला. काका त्याच दुपारी गेले होते.

तेव्हापासून शिकवताना मी मध्येच थांबतो म्हणे. मला कळतही नाही. मुलांनी घड्याळ लावून पाहिलं. छत्तीस सेकंद. प्राचार्यांनी माझे दोन वर्ग काढून घेतलेत. उरलेलेही जातील, या भीतीने मला बोलायलाच नको वाटतं.

काल जेवताना बायकोशी बोलत होतो. वाक्य पुरं केलं, तर ती समोर नव्हती.

दाराशी उभी होती... कडी काढून, दार सताड उघडून.

"काय ऐकलंस?" मी विचारलं.

तिने कडीकडे गेलेला माझा हात बाजूला केला. दार ती अजून लावू देत नाही.