मांडुळाचं कुठलं तोंड बोललं?

"बारावा नंबर माझा हुता की ओ! दोनशे बारावा कसा झाला?"

चिमणाबाई कारखान्याच्या ऑफिसात अशा कडाडल्या, की चौकशी अधिकारी निशिगंधा मोरेच्या हातातला चहा सांडला. ऊसतोडीच्या यादीत बाईंना कुणीतरी शेपटाला ढकललं होतं आणि त्यांच्या जागी शिरोळचे कुणी माने येऊन बसले होते.

कुणीतरी कशाला? संगणक विभागप्रमुख धैर्यशीलनं नाव तयारच ठेवलं होतं. सना मुजावर. चार वाजता संचालकांची बैठक आणि तिथंच सनाला नारळ.

"यादी तिच्याच मांडुळावर चालती, मॅडम." त्यानं छापील कागद पुढं सरकवला. "बदल परवा पहाटेचा हाय. त्या वक्ताला एकटी तीच कामाला हुती."

कागदावर चार दुरुस्त्यांच्या वेळा होत्या: 5:02, 5:06, ५:१०, 5:14. तिसरी चिमणाबाईंच्या नावापुढची.

निशिगंधाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढं आयतं उत्तर तिला कधी पचलं नव्हतं. तिनं सनाला बोलावलं. रडून पोरीचे डोळे लाल झाले होते.

"हे मांडूळ काय प्रकरण?"

"जावास्क्रिप्टची लायब्ररी, मॅडम. तयार कोड. तोच सर्व्हरवर चालतो अन् तोच ऑफिसातल्या ब्राउझरमध्ये. दोन्हीकडं तोंड, म्हणून मांडूळ. जिथं चालंल तिथल्या मशीनचं घड्याळ अन् भाषा उचलतं."

"परवा पहाटे तू कामाला होतीस?"

"व्हय. घरनं, थेट सर्व्हरवर. तिथं समदं इंग्रजीत. तीन दुरुस्त्या केल्या. चिमणाबाईंची तेवढी माझी न्हाय, अम्मीची शपथ!"

"पहाटे काम करणार, हे कुणाला माहीत होतं?"

"धैर्यशील सरांस्नी आदल्या दिवशी सांगितलंतं. शेतकी विभागातला आदर्शबी तिथंच हुता."

म्हणजे संशयाला दोन माणसं. निशिगंधा आधी आदर्शच्या टेबलापाशी गेली. "फाईलला लावायला यादीतली एक नोंद छापून द्या." त्यानं लगेच छापली. वर वेळ उमटली: 2:35. मग ती धैर्यशीलकडं गेली. त्याच्याही कागदावर वेळ उमटली: २:४१.

"सासुरवाडी कुठली ओ तुमची?" तिनं सहज विचारलं.

"शिरोळच की. का?"

"उगंच."

चारला संचालक बसले. धैर्यशील ऐटीत पुढच्या खुर्चीवर, सना दाराशी उभी.

"हा कागद मी तीनदा वाचला," निशिगंधा म्हणाली. "पण एसटीवरचा आकडा आपण मराठीत वाचतो, मोबाईलवरचा इंग्रजीत, अन् दोन्हींत फरक आहे हे ध्यानातच येत नाही. नीट बघा. सनाच्या तिन्ही वेळा इंग्रजी आकड्यांत. चिमणाबाईंपुढची तेवढी मराठीत. ती सर्व्हरनं लिहिलेलीच नाही. मांडुळाचं दुसरं तोंड बोललंय, ऑफिसातल्या ब्राउझरमधलं."

तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "आदर्शचं मशीन इंग्रजीत छापतं. मराठीत छापणारं तुमचं, धैर्यशील."

"पर वेळ पहाटेची हाय! तवा मी घरात झोपलोतो!"

"झोपलाच होतात. नंतर ऑफिसात बसून मशीनचं घड्याळ त्या पहाटेवर नेलंत, नंबर बदललात, घड्याळ पुन्हा जागेवर आणलंत. घड्याळ फिरवलंत, पण आकडे फिरवायचे राहिले. आणि बाराव्या नंबरचे माने म्हणजे तुमचे सासरे. मघाशी फोनवर त्यांनीच जावयाचं तोंडभरून कौतुक केलं."

धैर्यशीलचं तोंड एवढंसं झालं. "सासऱ्यांनी लई टुमणं लावलंतं ओ..."

अध्यक्षांनी सनाला काढल्याचं पत्र टराटरा फाडलं. "चुकलं, पोरी. उद्यापासनं ये."

"मला एकदा कुणी इचारलंसुदीक न्हाय, साहेब," सना म्हणाली. तिचा आवाज संतापानं कापत होता. मग तिनं डोळे पुसले. "अन् उद्या कशाला? चिमणाबाईंचा ऊस वाळाय लागलाय."

ती तडक बाहेर जाऊन धैर्यशीलच्या खुर्चीत बसली. चिमणाबाई मागनं वाकून बघत होत्या. त्यांच्या नावापुढं आकडा उमटला: १२.