राजाच्या पानातला घास

ऐकून सोडून द्याल, पण हे घडलेलं आहे. शके आठशे बहात्तर. आश्विन महिना. कावेरीकाठचं मणलूर. घर माझ्या थोरल्या बहिणीचं, जक्कब्बेचं. मी तेव्हा आक्काकडेच राहत होते.

आमचा राजा कोंडरस, मान्यखेटच्या सम्राटाचा मांडलिक. उभी हयात दुसऱ्याच्या लढायांत गेली. स्वतःच्या अंगणात निजायला मिळालं, ते बाण लागून परतल्यावरच.

आक्काचा नवरा बिच्चय्या राजाचा शपथेचा माणूस. दर अमावास्येला राजा आपल्या पानातला भाताचा घास त्याला पाठवी. घास खाल्ला की शपथ ताजी. आणि राजा मेला, की घास खाणाऱ्याने त्याला पुरतात त्याखालच्या खड्ड्यात जिवंत उतरायचं.

आमचं घर राजवाड्याला लागून. राजा परतल्यापासून रोज दिवेलागणीला सज्ज्यातून त्याची हाक येई.

"बिच्चय्या, जेवलास का?"

"जेवलो, धनी."

त्या अमावास्येला बिच्चय्या तापाने फणफणला होता. तिकडे राजाची जखम चिघळलेली. आक्काने नवऱ्याला साधी पेज पाजली. राजाच्या पानातलं अन्न टाकता येत नाही...

ते तिने स्वतः खाल्लं.

मला म्हणाली, "गप राहा. आधी तो माझा नवरा आहे, मग राजाचा माणूस."

चार दिवसांत राजा गेला.

आक्का सगळ्यांसमोर उभी राहिली. "यांनी या खेपेचा घास खाल्लेला नाही. देवापुढे सांगते."

सेनापती हसला. "बिच्चय्या, बायकोच्या पदराखाली बरी जागा मिळाली रे तुला."



घास गेला कुठे, हे कुणीच विचारलं नाही. खालचा खड्डा रिकामा ठेवून वर राजाला पुरलं.

दुसऱ्या दिवशी आक्काने दिवा लावला, आणि...

"बिच्चय्या, जेवलास का?"

आवाज सज्ज्यातून नव्हता.

चुलीखालून होता.

बिच्चय्याचे ओठ हलले. आक्काने त्याच्या तोंडावर हात दाबला.

तिसऱ्या दिवशी कुत्री गप्प होती. नदीही ऐकू येत नव्हती. पुन्हा तीच हाक. या वेळी आक्काचा हात पोचायच्या आत बिच्चय्या बोलून गेला.

"नाही जेवलो, धनी."



मग...

"मग कोण जेवलं?"

आक्काने नवऱ्याचं अंथरूण घातलं, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि दाराला आतून अडसर लावला.

सकाळी अडसर तसाच होता.

आक्का नव्हती.

तिच्या ताटात मूठभर भात होता, तूप घातलेला. अजून गरम. आमच्या घरात तीन दिवस भात शिजलाच नव्हता.

राजाला पुरलं होतं तिथली माती माणूसभर खचली होती. राजाला उकरून बघणार कोण?

सेनापती पुढच्याच मोहिमेत पडला. राजाचा मुलगा बापासारखाच सम्राटाच्या लढायांवर निघून गेला. बिच्चय्या म्हातारा होऊन मेला, पण भाताला शिवला नाही, नाचणीवर जगला. पाथरवटाने राजाच्या स्मरणशिळेवर पायाशी एक बाई कोरली. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

आता मीच थकले. दिवेलागणीला सून आतून विचारते, "अत्तेबाई, जेवलात का?"

मी उठून आधी तिचं तोंड बघते.

मगच उत्तर देते.