रिकाम्या गादीवरची चादर

तेरा फेब्रुवारी, गुरुवार. आमच्या डोंगरातल्या नारीन शहरात यंदा रात्री अकरा ते पहाटे पाच वीज बंद असते. पाचला येते ती दणका देत येते; शेजाऱ्यांचा फ्रिज त्यातच गेला. म्हणून अकराच्या आत घरातले सगळे प्लग काढून ठेवायचे, आणि हे काम सुनेचं. लग्नाला चार महिने झाले. कुठलं भांडं कुठे असतं ते मला अजून विचारावं लागतं, पण बोर्ड अंधारातही सापडतात. एकूण अकरा.

त्या संध्याकाळी मोठे मामंजी, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, अत-बाशी गावाहून आले. सकाळी दाढ काढायची होती. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, म्हणून ते मोठे मामंजी, दीर कुरळ्या आणि नणंद चिमणी. गुरुवार असल्यामुळे सासूबाईंनी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगणारे चौकोनी तुकडे, तळले होते. गेलेल्या माणसांना तळणाचा वास पुरतो. बोरसोक आपण खायचे. ही वाटणी मला पहिल्यापासून पटलेली आहे.

साडेनऊला सासू-सासरे झोपायला गेले. मी चहा ओतत होते.

"चिमणे, तुझा चार्जर काढ," मी म्हटलं.

"फोन कुठाय त्याला, वहिनी? रिकामाच तर आहे."

"रिकामं कशाला म्हणायचं, ते जरा जपून ठरवावं," मोठे मामंजी म्हणाले. गालावर हात होता, तरी बोलायची हौस दिसत होती.

"झालं," कुरळ्या म्हणाला. "आता गोष्ट."

"गोष्ट नाही. घडलेलं आहे. माझ्या ओळखीचा एक होता, केरिमकुल म्हणू त्याला. अकरा वर्षं झाली. तेव्हा वीज रात्रभर असायची, पण त्याच्या गल्लीतलं एक घर इस्त्रीमुळे जळालं होतं. तेव्हापासून हा रोज रात्री घरभर फिरून प्लग उपटायचा. आई त्याला म्हणायची, 'आला माझा दात काढणारा.'"

चिमणी हसली. तेही हसले, आणि गाल धरला.

"म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लेकीनं तिला विजेची चादर पाठवली होती, गादीवर अंथरायची. तिचा डोळा लागला की केरिमकुल तिचाही प्लग काढायचा. तेवीस जानेवारी. असाच गुरुवार. बाहेर उणे चौतीस. आई म्हणाली, 'आजची रात्र राहू दे रे. थंडी हाडात शिरलीये.' हा म्हणाला, 'झोपलीस की ती उगाच चालू राहते.' डोळे मिटले तिनं. यानं पाच मिनिटं वाट बघितली, आणि..."

त्यांनी दोन बोटांनी हवेतच काहीतरी उपटलं.

"सकाळी ती गादीवरून खाली आलेली होती. जमिनीवर. प्लग मुठीत. भिंत चाचपत गेली असणार. बोर्ड हातभर लांब राहिला."

कुरळ्याचा बोरसोक तोंडाशीच थांबला.

"त्यानंतरचा तिसरा गुरुवार. तेरा फेब्रुवारी."

"म्हणजे आज," चिमणी म्हणाली.

"आजच. रात्री दीड वाजला होता. तो जागा होता. आईच्या खोलीतून आवाज आला. भिंतीवरून हात फिरतो ना... तसा. सर्र... थांबला. पुन्हा सर्र... बोर्ड शोधत होतं कुणी. तो आडवा होता. पायही हलवला नाही त्यानं. सगळं ऐकत राहिला. पहाटेपर्यंत."

"उठला नाही?"

"नाही."

"का?"

मी मोठ्या मामंजींच्या कपात चहा ओतला. कप भरलेलाच होता, तो बशीत सांडला.

"त्यानंतर तो जिथे झोपतो, तिथे शेजारी एक गादी घालतो," ते म्हणाले. "चादर अंथरतो. प्लग लावतो. पुन्हा काही ऐकू आलं नाही त्याला. बास. दाढ ठणकतेय."

पावणेअकराला मी नेहमीच्या फेरीवर निघाले. टीव्ही, किटली, फ्रिज, चार्जर. पाहुण्यांच्या खोलीत मोठे मामंजी भिंतीकडे तोंड करून घोरत होते. त्यांच्या पलीकडे दुसरी गादी, उशाला न वापरलेली, फुगीर उशी. तिच्यावर विरलेली, फुलाफुलांची चादर. बोर्डावर प्लग.

मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण गादीवर कोणी नव्हतं, दहा मिनिटांत वीज जाणारच होती, आणि पहाटेच्या दणक्यात इतकी जुनी चादर पेटली तर बोलणी सुनेलाच बसणार. मी प्लग काढला. वायर गुंडाळून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली.

झोप आली नाही. केरिमकुलनं निदान पाच मिनिटं वाट बघितली होती; मी तर तेवढीही बघितली नव्हती.

पाचला वीस मिनिटं कमी असताना उठले. ते जागे व्हायच्या आत प्लग जागच्या जागी लावायचा, एवढंच ठरवलं होतं. टॉर्च लावला तर ते उठतील, म्हणून अंधारातच आत गेले. खुर्ची चाचपली. वायर नव्हती. खाली पडली असेल, म्हणून भिंतीला हात लावून बोर्डाच्या दिशेनं सरकू लागले.

सर्र...

माझ्याच हाताचा आवाज. मी थांबले.

घोरणंही थांबलं.

"आई?"

मी भिंतीला चिकटले.

"जागा आहे मी," ते म्हणाले. आवाज दहा वर्षांच्या पोराचा. "थांब. मी उठतो. या वेळी उठतो."

गुडघे कटकन वाजले. पावलं आली... माझ्या बाजूला नाही. पलीकडच्या गादीकडे.

"दे इकडे. मी लावतो." मग अगदी हळू, "हात किती गार पडलाय गं तुझा."

माझे दोन्ही हात भिंतीवर होते.

टक. प्लग बसला. ते परत आपल्या गादीवर आडवे झाले, आणि थोड्या वेळानं रडल्याचा आवाज आला, तोंडात उशी धरल्यासारखा. मी तशीच उभी राहिले. हलले असते तर त्यांना कळलं असतं की आई नव्हती, सून होती.

पाचला वीज आली. चादरीच्या बटणावरचा लाल ठिपका लागला. तेवढ्या उजेडात दिसलं, की मोठे मामंजी शांत झोपलेत, आणि पलीकडच्या रिकाम्या गादीची उशी मधोमध दबलेली आहे.