रेडिएटरवरचा हातमोजा

तीन वर्षं पोलिसांच्या आवारात उन्हातान्हात पडलेली गाडी एकदाची सुटली, आणि मिस्त्रीने ती ढकलतच आपल्या गॅरेजात आणली. जुनी, चौकोनी तोंडाची गाडी. त्याच्या धाकट्या भावाची. भावाचा मात्र पत्ता नव्हता. धरणाच्या काठावर गाडी उभी सापडली होती, दार सताड उघडं, किल्ली जागेवर लटकलेली. पाण्यात शोधून झालं, हाती काही लागलं नाही. मग काय, बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! गेला असेल कुणाचा तरी हात धरून, असं जो तो म्हणायचा. वर हसून विचारायचे, "धरायला बोटं तरी धड होती का?" लहानपणी इंजिनाच्या पंख्यात धाकट्याचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं होतं, त्यावरून ही चेष्टा. हे सगळं धाकट्याच्या बायकोच्या कानावर जायचंच.

ती आज सकाळपासून गॅरेजात येऊन बसली होती.

"भाऊजी, एवढंच बघून सांगा. त्या दिवशी ही गाडी बिघडली होती का?"

मिस्त्रीला न सांगता कळलं. गाडी तापली असेल, तर भाऊ पाणी आणायला खाली उतरला आणि पाय घसरून गेला. गाडी ठणठणीत असेल, तर लोक म्हणतात तेच खरं. काही निघालं तरी बिचारीच्या वाट्याला दुःखच यायचं होतं. पण कोणतं, ते तिला एकदा कळायला हवं होतं.

त्याने ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं.

"यात पाणी गेलंय. इंजिनाचं हेड बसतं ना, त्याच्याखाली एक पातळ गॅस्केट असतं. ते फुटलं की पाणी कुठेही शिरतं, आणि गाडी तापते."

"म्हणजे फुटलंय?"

"थांब जरा. उभ्या गाडीतही ओल धरते. तुझ्या तोंडाकडे बघून उगाच काहीतरी ठोकून द्यायचा नाही मी."

त्याची आपली एक रीत होती. रेडिएटरचं झाकण काढायचं, तोंडावर रबरी हातमोजा चढवून दोऱ्याने आवळायचा आणि इंजिन सुरू करायचं. गॅस्केट फुटलेलं असेल, तर इंजिनातली हवा पाण्यात घुसते आणि मोजा फुगून उभा राहतो. त्याला समोरचं बोलणं तेवढं ऐकू यायचं, त्यात शेजारचा पत्रेवाला दिवसभर ठोकत असायचा. त्यामुळे इंजिन चालू झालं की नाही, हे तो मडगार्डवर तळहात ठेवूनच ओळखायचा. आजवर तो हात कधी चुकला नव्हता.

त्याने नवी बॅटरी जोडली, पाणी भरलं, पाकिटातला कोरा मोजा काढून बांधला. ती आत जाऊन बसली. मध्ये बॉनेट उभं, त्यामुळे ती दिसत नव्हती.

"मार गं किल्ली!"

पत्रेवाल्याची ठोकाठोक चालूच होती. मिस्त्रीच्या तळहाताखाली हादरे सुरू झाले. सावकाश, एकामागून एक. इतक्या दिवसांचं थंड इंजिन, रखडणारच, असं त्याला वाटलं. गाळाचा गार वास आला. मोजा हलला. आधी अंगठा उभा राहिला, मग बोटं.

"फुटलंय!" मिस्त्रीचे डोळे भरून आले. पळपुटा नव्हता त्याचा भाऊ. "फुटलंय गं! बंद कर आता."

हादरे थांबले नाहीत.

"अगं, बंद कर म्हणतो ना!"

ती बॉनेटला वळसा घालून पुढे आली.

"भाऊजी, किल्ली आत जातच नाही. कधीची हाका मारतेय तुम्हाला."

किल्ली तिच्या मुठीत होती.

तेवढ्यात पत्रेवाला थांबला. गॅरेजात कसलाही आवाज नव्हता. तळहाताखाली ठोके पडत होते.

ती मोज्याकडे बघत होती. अंगठा आणि तीन बोटं ताठ उभी होती. करंगळीशेजारचं बोट अर्धंच फुगलं होतं. पुढचं रबर चपटं पडलेलं.

"हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाला.

तिने तोवर हात दिला होता.

बोटं मिटली.

मग मोजा लुळा पडला आणि ठोकेही थांबले.

दुपारी मिस्त्रीने हेड उतरवलं. काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. गॅस्केट घेऊन तो दारापाशी आला. तिथे ती उन्हात बसून होती.

"हे बघ, इथे फुटलंय. आणि हा गंज आजचा नाही, जुना आहे. तो पाणी आणायलाच उतरला होता गं. तुला टाकून नव्हता गेला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं."

तिने उजवा हात मांडीवर उन्हात धरून ठेवला होता. हाताच्या पाठीवर बोटांचे ओले ठसे होते, त्यातलं एक अर्धं. दुपारभर ऊन खाऊनही ते वाळले नव्हते.