न उघडणारं पुढचं दार

"एजंट फार भला आहे हो, म्हणूनच झोप लागत नाही," झ्लात्का मिनेवा म्हणाली.

ती शाळेत भूगोल शिकवायची. राहता फ्लॅट विकून बसली होती, महिनाअखेर तो सोडायचा होता. बल्गेरियातल्या त्याच प्लोवदिव शहरातल्या एका बैठ्या घराचा व्यवहार उद्या सकाळी नोटरीपुढे व्हायचा होता.

"छत गळतं, वायरिंग जुनं, सगळं त्याने आपणहून सांगितलं. पण आत नेतो मागच्या फाटकाने. पुढचं कुलूप अडकलंय म्हणे."

"आणि मालक?" गुप्तहेर स्नेझाना बोझकोवाने विचारलं.

"स्तोइचोकाका. आजारी असतात, वार्नाला पुतण्याकडे. विक्रीचं मुखत्यारपत्र पुतण्याच्या नावे."

दुपारी स्नेझाना तिथे पोचली, सोबत तिचे भाऊजी कामेन. हे गृहस्थ तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. समोरचा रस्ता सोडून त्यांना फारसं काही दिसत नाही, पण माणूस सोन्यासारखा.

एजंट प्लामेन गेरोव हजर होता. स्नेझानाने त्याच्याकडून चावी घेतली आणि पुढच्या कुलपात फिरवली. दार मुकाट उघडलं.

"अरे वा, आज चाललं की," गेरोव म्हणाला.

खिडक्यांच्या रंगाचे पोपडे निघाले होते, दार तेवढं नवंकोरं हिरवं. स्नेझानाने त्यावर हात फिरवला. रंगाखाली चिकटपट्टीचे चार तुकडे बोटांना लागले, वहीच्या पानाएवढ्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत.

शेजारच्या दारावर, माणूस गेला की इथे घरोघरी लावतात तशी, मृत्यूची छापील चिठ्ठी होती. म्हाताऱ्या राइनाबाईंच्या नवऱ्याचा फोटो, खाली 'तेरावं वर्ष, फेब्रुवारी'. बाईंनी कामेनच्या हाती साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी दिली.

"खा रे बाळा. देव त्याला क्षमा करो, म्हण."

"स्तोइचोकाकांचं आणखी कुणी आहे?" स्नेझानाने विचारलं.

"मुलगी, नेव्हेना. स्पेनला असते. बापलेकीत दहा वर्षं अबोला. आता जास्त खोदू नकोस गं, पुतण्याने मला गप्प राहायला सांगितलंय."

संध्याकाळी स्नेझानाने झ्लात्काला आणि गेरोवला आपल्या कचेरीत बसवलं.

"भाऊजी, गहू कुणासाठी होता?"

"तिच्या नवऱ्यासाठी. दारावर चिठ्ठी नव्हती का?"

"तो फेब्रुवारीत गेला, आता सप्टेंबर चालू आहे. असा गहू मेलेल्याच्या नावाने वाटतात, चाळिसाव्या दिवशी. राइनाबाई गप्प बसल्या, पण शेजाऱ्याचा चाळिसावा चुकवणं काही त्यांना जमलं नाही. स्तोइचोकाका वारले आहेत."

झ्लात्काचा हात तोंडावर गेला.

"पुतण्याने रीतीप्रमाणे चिठ्ठी लावली. लबाडी मागाहून सुचली. कागद फाडला, पट्ट्या निघेनात, म्हणून वर रंग. एकटं रंगवलेलं दार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येऊ नये, म्हणून मागचं फाटक. माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. घर आता मुलीचं आहे."

"घराबद्दल मी एक शब्द खोटा बोललो नाही," गेरोव म्हणाला.

"म्हणून तर या फसल्या. छत गळतं हे एजंटाने सांगावंच. पण विकतोय कोण, हे त्याआधी सांगावं."

गेरोवने मान खाली घातली. "मुलीला कळलं तर ती विकणार नाही, असं पुतण्या म्हणाला."

"म्हणजे वडील गेल्याचं तिला..." झ्लात्काने विचारलं.

"कुणीच कळवलेलं नाही," स्नेझाना म्हणाली.

"राइनाबाईंकडे तिचा नंबर असेल?"

"मी घेऊन ठेवलाय. पण बाई, हा फोन केलात तर घर हातचं जाईल. महिनाअखेर कुठे राहाल?"

"ते मी बघेन. द्या इकडे."

तिने नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला.

"नेव्हेना, तुम्ही मला ओळखत नाही," झ्लात्का हळूच म्हणाली. "जरा खाली बसता का?"